दोन कुलपांची गोष्ट

या सदरात मी बहुधा शब्दांच्या कुळकथा सांगत असतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. दारू, पेट्रोल नि धरणे हे माझे विषय नव्हेत. परंतु दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो की मला हमखास भाऊबीज आठवते, भाऊबीज आठवली की मेहुणे आठवतात, आणि मेहुणे आठवले की हे तिन्ही विषय एकदमच दारात येऊन उभे राहतात. याला माझा इलाज नाही.

आमचे मेहुणे म्हणजे सौ.चे थोरले बंधू. तिच्याहून चौदा-पंधरा वर्षांनी वडील. सारे घर त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. राज्य उत्पादन शुल्क खात्यात तेहतीस वर्षे काढून ते २०२२ साली निवृत्त झाले. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून या खात्याचे नाव 'दारूबंदी खाते' असेच आहे, आणि ते अगदीच चूक नव्हे. ज्या कायद्याखाली दादांनी आयुष्यभर छापे घातले, परवाने तपासले आणि कर मोजला, तो १९४९ चा दारूबंदीचाच कायदा. "पकडायला निघालो की दारूबंदी, मोजायला बसलो की उत्पादन शुल्क," असे दादा म्हणतात. "टोपी एकच, फक्त फिरवून घालायची."

दादा राहतात पैठणला, आम्ही श्रीरामपूरला. अंतर काही फार नाही. पण मधे गोदावरी आहे, आणि गोदावरीत पाणी आहे किंवा नाही यावर आमच्या घरची भाऊबीज अवलंबून असते. आमच्या बाजूला भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झालेले, मुळेचे त्यानंतरचे. तिकडे जायकवाडीची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्‌घाटन केले. म्हणजे आम्ही वरचे आणि आधीचे, ते खालचे आणि नंतरचे. वरच्याने आधी प्यावे की खालच्याची तहान आधी पाहावी, यावर सरकारने २००५ साली कायदा केला, समिती नेमली, आणि पुढे असे सूत्र ठरले की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असला तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचे. आता ही तारीख ठरवणाऱ्यांना दिवाळी कधी येते हे माहीत नसावे. प्रवरा नेवाशाजवळ गोदावरीला मिळते आणि ते पाणी पैठणला जाते. ज्ञानेश्वरांच्या नेवाशाहून एकनाथांच्या पैठणला जाणाऱ्या या पाण्यासाठी साले-मेहुणे लाडवाच्या ताटावर भांडतात, हे दोघा संतांना कसे वाटत असेल कोण जाणे!

२०२३ सालची भाऊबीज तर मी विसरणार नाही. पाऊस कमी झालेला. ऑक्टोबरच्या अखेरीस नगर-नाशिकच्या धरणांतून ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघालेला, आणि पाणी काही अजून सुटलेले नव्हते. दादा आल्या आल्या चपला काढायच्या आधी म्हणाले, "काय हो नगरवाले, आमचं पाणी कुठवर आलं?" मी म्हटले, "दादा, पाणी तुमचं कसं? पाऊस आमच्या डोंगरावर पडला." झाले! सौ.ने ओवाळणीचे तबक खाली ठेवले आणि "दोघंही गप्प बसत असाल तरच ओवाळीन" असे बजावले. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले आहे, परंतु आमच्या भांडणात 'नगरवाले' हाच शब्द कायम आहे. भांडणातली भाषा सरकारी अधिसूचनेला जुमानत नाही, हा माझा अभ्यासाचा विषय.)

पण मी सांगणार आहे ती गोष्ट २०२४ च्या भाऊबिजेची. त्या वर्षी पाऊस उदंड झाला, सप्टेंबरातच जायकवाडी भरून दारे उघडली, आणि आमच्यात भांडायला विषय उरला नाही. दादा खुषीत होते. खुषीचे दुसरेही एक कारण होते. दिवाळीच्या आठवडाभर आधी, २३ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला होता की कारखान्यात लागणारा मद्यार्कसुद्धा राज्याच्या अखत्यारीतल्या 'मादक पेया'तच मोडतो. १९८९ सालचा सात न्यायमूर्तींचा निकाल याच्या उलट होता. दादा नोकरीला लागले तेही १९८९ सालीच. त्यामुळे त्यांची सारी नोकरी त्या जुन्या निकालाच्या छायेत गेली, आणि निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले! वर्तमानपत्राचे कात्रण त्यांनी खिशातच आणले होते.

"तुम्ही शब्दांचे लोक," ते मला म्हणाले, "तुम्हीच सांगा प्राध्यापक. पिता येईल ती दारू, की पितात ती दारू?"

मी म्हटले, "व्याकरणाने पाहिलं तर..."

"व्याकरण राहू द्या. मी बत्तीस-तेहतीस वर्षं हेच पाहत आलो. अफू-गांजाचं बरं असतं. १९८५ चा कायदा आहे, गांजाची पुडी परवान्यावाचून कुठंही सापडली तरी तो गुन्हाच. आमच्या खात्यात वस्तू गुन्हेगार नाही, तिची जागा गुन्हेगार. मद्यार्क टाकीत असला तर तो देशाचं तेल वाचवतो, बाटलीत असला तर सरकारची तिजोरी भरतो, आणि तोच प्लास्टिकच्या कॅनमध्ये सापडला की मी पंचनामा करायचा."

आता इथे थोडे थांबून ज्या वाचकांनी साखर फक्त डब्यातलीच पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगायला हवे. एक टन ऊस गाळला की साधारण शंभर किलो साखर निघते आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते. मळी म्हणजे काकवी नव्हे. काकवी आपण पोळीशी खातो. मळी ही साखर काढून घेतल्यावर उरलेली काळी, चिकट नि उग्र वासाची वस्तू. श्रीरामपूरकडे हंगामात वारा फिरला की घरात बसल्या बसल्या तिची ओळख पटते. या मळीत पाणी आणि यीस्ट घालून ती आंबवायची, मग उंच उंच पितळी-पोलादी मनोऱ्यांतून तिची वाफ काढायची. टनभर मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क मिळतो. हाच पाणी नि मसाला घालून बाटलीत गेला की देशी दारू, औषधाच्या कारखान्यात गेला की औषध, आणि त्यातला उरलासुरला पाण्याचा अंश काढून टाकला की इथेनॉल. ते आपल्या स्कूटरच्या पोटात जाते.

आणि ही कल्पना काही आजची नाही. १९४८ साली दिल्लीने मोटारीच्या तेलात मद्यार्क मिसळण्याचा कायदा केला. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर दारू बंद झाली. आणि त्याच १९५०-५१ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी साखर कारखान्याची चाके फिरू लागली. मद्यार्क जाळा, मद्यार्क पिऊ नका, आणि मद्यार्काचा कच्चा माल मात्र भरपूर तयार करा, अशा तीन गोष्टी तीन वर्षांत एका पाठोपाठ एक घडल्या. दारूबंदी पुढे १९६० नंतर सैल होत गेली, परवाने आले. तेलाचा कायदा २००० साली रद्दच केला, आणि २००३ साली तेच मिसळणे नव्याने सुरू केले! मधल्या काळात १९७३ च्या अरब-इस्राएल युद्धाने तेलाचा भाव चौपट करून दाखवला होता, तरी आपण निवांत होतो.

आता मात्र निवांतपणा संपला आहे. आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराण यांच्यात युद्ध पेटले तेव्हा होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी बंद होते की काय, या चिंतेने आमच्या स्टाफरूममधले गणिताचे प्राध्यापकसुद्धा नकाशा उघडून बसले होते. त्याच वर्षी पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा पल्ला गाठल्याचे सरकारने जाहीर केले. आता त्यात मक्याचा वाटा मोठा आहे. पण आमच्या जिल्ह्यात इथेनॉल म्हटले की ऊसच डोळ्यांपुढे येतो.

भाऊबिजेच्या दिवशी जेवताना मी मोठ्या उत्साहाने हेच बोलत होतो. परदेशच्या तेलापायी जगात युद्धे होतात; आपल्या शेतात तेल पिकले तर भांडणच मिटले, असे काहीसे. दादा शांतपणे मठ्ठा पीत होते. मग म्हणाले, "प्राध्यापक, नीती आयोगाचा २०२१ चा अहवाल आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला किमान २,८६० लिटर पाणी लागतं, असं त्यात लिहिलंय. ते पाणी येतं कुठून? अरबस्तानातून येत नाही. पैठणला पोचत नाही ते, ते हे!"

मी गप्प झालो. दादांनी जखमेवर मीठ चोळले नाही. उलट स्वतःचीच एक आठवण सांगितली. २०१६ च्या एप्रिलमध्ये ते मराठवाड्यात होते. लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी नेत होते, आणि औरंगाबादला मद्याचे कारखाने नळाच्या पाण्यावर चालू होते. शेवटी उच्च न्यायालयाला त्या कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा हुकूम द्यावा लागला. "पाणी हे माझं खातं नव्हे," दादा म्हणाले, "पण अंगावर खाकी असायची. चहाच्या टपरीवर लोक मला ऐकू जाईल असं म्हणत, माणसाला पाणी वाघिणीनं अन् बिअरला नळानं. मी पुढं कधी त्या टपरीवर गेलो नाही."

हे बोलणे चालू असताना आमच्या भांडी घासणाऱ्या मावशी मोरीपाशी होत्या. त्यांचे माहेर पाथर्डीकडचे. नवरा आमच्याच भागात हमाली करी. दारूने पोटात पाणी होऊन तीन वर्षे अंथरुणावर होता, तो करोनाच्या आधीच्या वर्षी गेला. मावशी तशा अबोल. पण त्या दिवशी हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, एक इचारू का? रागावू नका."

"विचारा की," दादा म्हणाले.

"आमच्या मालकाच्या पोटात गेली ती, अन् आता गाड्यांच्या पोटात घालत्यात ती, येकच व्हय?"

दादांनी तोंड उघडले नि मिटले. मग सावकाश म्हणाले, "एकच."

"मंग गाडीला बरी मोजून-मापून देत्यात!" मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या.

रात्री गच्चीवर सतरंजी टाकून आम्ही दोघे पडलो होतो. निवडणुकीचे दिवस होते, आचारसंहिता लागलेली. लांबून प्रचाराच्या गाडीचा आवाज येत होता. दादा म्हणाले, "नोकरीत असतो तर या वेळी मी घरी नसतो. निवडणूक म्हणजे आमची लगीनघाई." मग त्यांनी पांगरमलचे नाव काढले. आमच्या नगर तालुक्यातले हे गाव. फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या वेळी, पार्टीतल्या विषारी दारूने तिथे घरेच्या घरे उघडी पडली. हातभट्टीत किंवा बनावट दारूत मिथिल मिसळले की असे होते. रंगाने, वासाने ते आपल्या मद्यार्कासारखेच. पण शरीरात गेले की आधी डोळे जातात, मग माणूस. पिणाऱ्याला घोटावरून काही कळत नाही. प्रयोगशाळेला कळते, पण तिच्याकडे माणूस उशिरा पोचतो.

"मावशींनी विचारलं ते मला खरं म्हणजे खात्यात कुणीतरी विचारायला हवं होतं," दादा म्हणाले. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, झोपले.

"आमच्या वेळी डिस्टिलरीत टाकीला दोन कुलपं असायची. एकाची किल्ली कारखान्याची, दुसऱ्याची सरकारची. दोघं हजर असल्याशिवाय टाकी उघडायची नाही. मी पहिल्यांदा ती किल्ली कमरेला लावली तेव्हा मला वाटलं, आता माझ्यावाचून थेंब बाहेर जाणार नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांचं वय! पण कुलूप टाकीला असतं, रस्त्याला नसतं."

पुढे त्यांची नेमणूक माल उतरवून घेण्याच्या ठिकाणी झाली. ते गाव, तो कारखाना यांची नावे त्यांनी सांगितली नाहीत, आणि मीही विचारली नाहीत. टँकर आला की पट्टी बुडवून माप घ्यायचे, ताकद तपासायची, निघतानाच्या पासाशी ताडून पाहायचे. मद्यार्क उडून जाणारा पदार्थ. वाटेत थोडी तूट येणार, हे सरकारनेही धरलेले असते. एक टँकर तीनदा आला. तिन्ही वेळा तूट मर्यादेच्या आत, आणि तिन्ही वेळा जवळजवळ तेवढीच.

"हवा इतकी शिस्तीची नसते हो, प्राध्यापक," दादा म्हणाले. "मी वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, मर्यादेत आहे ना? मग सही करा. मी केली. कायद्यानं ती सही बरोबर होती. आजही बरोबर आहे. तीन-चार महिन्यांनी जवळच्याच वस्तीत बनावट देशीच्या बाटल्या सापडल्या. ती तूट आणि त्या बाटल्या यांचा संबंध कुणी जोडला नाही. मीही जोडला नाही. जोडायला कागदच नव्हता."

"पण विष तर नव्हतं ना त्यात?" मी विचारले. काहीतरी दिलासा द्यावा म्हणून.

"विष नव्हतं. नुसती दारू होती. मावशींच्या नवऱ्यानं प्यायली तसली."

मला त्यावर बोलायला काही सुचेना. सोज्ज्वळपणाचा आव मी तरी कशाच्या बळावर आणावा? ज्या कॉलेजात मी गेली एकोणीस वर्षे मराठी शिकवतो, त्याच्या इमारतीच्या विटा उसाच्या पैशाच्या. माझा पगार, मुलांच्या फिया, सौ.च्या हातातल्या पाटल्या, सारे शोधत गेले तर कुठे ना कुठे मळीचा वास येईलच. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचा कर वाढवला आणि त्यातून वर्षाला चौदा हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज सांगितला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये कुणी हूं की चूं केले नाही. पेट्रोलने गाडीचा पिस्टन खराब होतो की काय, यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली.

सकाळी मावशी फराळाचे आणि पोस्त घ्यायला आल्या. दादा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून व्हरांड्यात बसले होते. त्यांनी स्वतःहून विचारले, "तुमच्या माहेरी आडवी बाटली झाली होती म्हणे?"

शहरी वाचकांना कदाचित माहीत नसेल, गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर बायकांचे गुप्त मतदान घेता येते. चौथाई बायकांनी अर्ज करायचा. मग चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद कर. मावशींच्या माहेरी तसे मतदान झाले होते. ज्या बायका आल्या त्यांतल्या बहुतेकींनी आडवीवरच शिक्का मारला. तरी दुकान राहिले. कारण नियमाला आलेल्यांतल्या निम्म्या चालत नाहीत. यादीतल्या एकूण बायकांतल्या निम्म्यांहून अधिक लागतात. आणि मतदान ठेवले होते डिसेंबरात! पाथर्डीकडची निम्मी गावे तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात. जी बाई कोयता घेऊन कुठल्याशा फडात ऊस तोडत होती, तिचे मत न देताच उभ्या बाटलीला गेले. त्याच उसाची मळी होणार होती, हे मावशींनी सांगितले नाही. ते मला आत्ता लिहिताना सुचले.

दादांनी सारे ऐकून घेतले. मग मला म्हणाले, "कागद आहेत का कोरे? रेघी नकोत." चष्मा लावून ते लिहायला बसले. कोणत्या कारणाने अर्ज परत येतात हे त्यांना तोंडपाठ होते, कारण असे कितीतरी अर्ज त्यांनीच परत पाठवले असतील. मतदारयादी कोणत्या तारखेची जोडायची, सही नसेल तिथे अंगठा कुणासमोर घ्यायचा, नावापुढे यादीतला अनुक्रमांक कसा लिहायचा, सारे मावशींना दोन-दोनदा समजावले. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिले की, गावातील बहुसंख्य महिला मतदार हंगामी कामासाठी स्थलांतर करीत असल्याने मतदान अक्षय्य तृतीयेनंतर व पावसाळ्यापूर्वी घेण्यात यावे, ही विनंती.

"सायेब, तुमच्याच खात्याला ना ह्यो अर्ज?" मावशींनी विचारले.

"माझ्याच," दादा म्हणाले, आणि खाली सह्यांसाठी रेघा आखू लागले.

अर्ज तीन प्रतींत झाला. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे तो तपासायला माझ्याकडे दिला. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.